कोहक्याच्या घरातली तिसरी वायर

७ नोव्हेंबर १९८६

आज पुन्हा झटका बसला! बादलीत रॉड लावलेला होता. पाणी तापलं का पाहायला बोट बुडवलं, तर कोपरापर्यंत मुंग्या. ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "थंडीनं हात बधिर होते. रॉड बंद करून हात घालत जा."

बंद करून घालावा हे मलाही कळतं. पण स्टील प्लँटच्या सेक्टर ६ मधल्या क्वार्टरमध्ये चुकून घातला तरी असं कधी झालं नव्हतं. हाच रॉड, हीच बादली. हे रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, इथे कोहक्यात भय्याजींच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं आलो – आणि रॉडचा स्वभाव बदलला? रॉड तोच आहे. घर बदललं आहे.

इथे वर आम्हाला अंगण नाही. सिगडी पेटवायची नाही ही भय्याजींची अट, भिंती काळ्या होतात म्हणे. म्हणजे जे तापवायचं ते विजेवरच. आणि डिसेंबरात आमची तारा येणार, पहिल्या बाळंतपणाला.

११ नोव्हेंबर

विहीणबाई येऊन गेल्या. राजनांदगाव जवळच, सकाळच्या गाडीनं आल्या. घर बघायचं होतं. सिंधुताई पाहणी करतात ती अगदी पदर खोचून! खिडक्या उघडून पाहिल्या, पलंग हलवून पाहिला, मोरीचा उतार पाहिला. मी चहा टाकायला गेले आणि नहाणीतून किंकाळी. त्यांनी बादलीत हात घातला होता. रॉड चालू.

"आई आई गं! हे काय पोसून ठेवलं जी बादलीत?"

मी त्यांचा हात चोळत बसले. माझा चेहरा कसा झाला असेल, मलाच ठाऊक. चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "राग नका मानू विहीणबाई. आमच्या घरी चूल हाय, घंगाळ हाय, चार बाया बसतील एवढी न्हाणी हाय. ओली बाळंतीण नं करंटचं पाणी! मी पोरीले इथं पाठवत नाही. सांगून ठेवतो."

रागावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही पाठवलं नसतं. पण तोंडातून निघून गेलं – "डिसेंबरात पुन्हा या. अनवाणी उभ्या राहा, नळाला हात लावा. काही लागलं तर ताराला खुशाल ठेवून घ्या."

हे जिन्यापर्यंत त्यांना सोडून आले आणि मला म्हणाले, "कावून बोलली तू असं? तुले विजेतलं काय समजते?"

काही समजत नाही. पण तारा माझ्याकडेच येणार.

१२ नोव्हेंबर

विजेतलं मला काय येतं, याची मनाशी उजळणी केली. बटण. फ्यूज हा शब्द. संपलं.

१६ नोव्हेंबर

गिझर आणला! ह्यांचं म्हणणं, दोष रॉडचा, रॉड फेका. पांढराशुभ्र गिझर नहाणीच्या भिंतीवर पोट फुगवून बसलाय. वायरमन केवलरामनं लावून दिला. रॉड माळ्यावर गेला. नळ सोडला की वाफाळतं पाणी! हे दोनदा आंघोळ करून आले आणि मला म्हणतात, "आता बोलव तुझ्या विहिणीले."

१८ नोव्हेंबर

नळाला मुंग्या आहेत.

झटका नाही, पण ओल्या हातानं चावी फिरवली की बोटांत बारीक झिणझिण. ह्यांना लागत नाही, कारण हे स्लिपर घालून आंघोळ करतात. मी चपला काढायला लावल्या. लागली! चेहरा पाहण्यासारखा.

केवलरामला बोलावलं. त्यानं नळाला बोट लावून पाहिलं, बोट झटकलं आणि हसला. "नया है ना चाची, थोड़ा तो मारेगा. लकड़ी का पाटा रख लो, उस पे खड़े होके नहाओ." आणि गेला.

खाली भय्याजींच्या बायकोला, मथुराबाईंना विचारलं – तुमच्याकडे काय करता? त्या सहज म्हणाल्या, "आमी तं सारेच प्लास्टिकच्या चपला घालून नाहातो. लहान पोट्टे बी. त्याच्यात काय हाय काकू? सवय होते."

सगळं घर चपला घालून आंघोळ करतं! आणि कोणाला त्यात काही वाटत नाही. मी तान्ह्या बाळाला चपला घालू?

२० नोव्हेंबर

ताराचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक ट्रंकेतून काढलं. हिंदी मीडियमचं, त्यामुळे शब्द सगळे 'विद्युत धारा' आणि 'चालक'. पण चित्र फार चांगलं आहे. तीन पिनांचा प्लग. दोन पिना सारख्या, तिसरी जाड आणि लांब. वीज एकीतून येते, दुसरीतून परत जाते. मग तिसरी कशाला? तिचं काम एरवी काहीच नाही. यंत्राच्या आत काही बिघडलं आणि वीज बाहेरच्या पत्र्यावर आली, तर तिला सरळ जमिनीत नेऊन सोडायचं. माणसाच्या अंगातून जायच्या आधी.

चारदा वाचलं. मग नहाणीबाहेर जाऊन गिझरच्या प्लगकडे पाहिलं. तीन पिना आहेत. सॉकेटला तीन छिद्रं आहेत. मग?

मग त्या तिसऱ्या छिद्राच्या मागे काय आहे?

२२ नोव्हेंबर

आजचा दिवस मी विसरणार नाही.

एका होल्डरला दोन लांब वायरी जोडल्या, त्यात दिवा लावला. पायात रबरी चपला, खाली पाट. ह्यांना बॅटरी धरायला लावली. "मरशील तू, नं मले बी मारशील," असं सारखं चाललेलं, पण बॅटरी हलू दिली नाही. वायरीची टोकं खालच्या दोन छिद्रांत घातली – दिवा लख्ख! मग एक टोक तिथेच ठेवलं, दुसरं वरच्या मोठ्या छिद्रात.

अंधार.

खालचं छिद्र बदलून पुन्हा केलं. अंधार. वरचं छिद्र नुसतं शोभेचं आहे! गिझरची तिसरी पिन त्यात जाते आणि पुढे कुठेच जात नाही.

केवलरामला बोलावून मीटरचा बोर्ड उघडायला लावला. आमच्या मजल्यावरून हिरवी वायर खाली येते, नीट येते, आणि बोर्डाच्या मागे वेटोळं करून खोचून ठेवलेली. ती पुढे कुठेही जोडलेली नाही! मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, "भैयाजी ने जहां तक बोला, वहां तक लाया. जमीन में डालने का तो किसी ने बोला ही नहीं."

ह्यांनी दिवा आणि वायरी माझ्या हातातून घेतल्या. कपाटात ठेवता ठेवता म्हणाले, "सेक्टरमधी असं नव्हतं बाप्पा."

नव्हतं. पण तिथे काय होतं, हे तरी कुठे माहीत होतं आम्हाला?

२४ नोव्हेंबर

सेक्टर ६ ला जाऊन आले. आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये आता कांता नावाची तरुण बाई राहते, तिचा नवरा प्लँटमध्ये कोक ओव्हनला आहे. मी म्हटलं, अंगणात एक गोष्ट बघायची आहे. तिला वाटलं माझं काही पुरलेलं आहे! "सोनं असंल तं अर्धं माझं," म्हणाली.

मागच्या भिंतीपाशी सिमेंटची ती चौकोनी पेटी, वर लोखंडी झाकण. मी तिच्यावर पापड वाळवले, कुरडया वाळवल्या. लपाछपीत पोरांचं राज्य घ्यायचं ठिकाण ते. उन्हाळा लागला की कंपनीचा माणूस यायचा, झाकण उचलून आत पाणी ओतायचा आणि जायचा. एकदा मी विचारलं होतं, हे काय? "अर्थिंग." बरं, म्हटलं, आणि पापड पुन्हा मांडले.

आज झाकण उचललं. मधोमध पाइप, त्याच्या तोंडावर नरसाळं, भोवती काळी ओली माती. कोळसा आणि मीठ. पाइपाला जाड पट्टी, ती भिंतीतून वर आमच्या – म्हणजे कांताच्या – घरात. तिसऱ्या छिद्राच्या मागे हे होतं! मी इतकी वर्षं त्यावर वाळवण घातलं आणि आमची पोरं त्याच्या जिवावर अनवाणी नाहून शाळेत गेली.

दिवा गेला तर मेंटेनन्सला सांगायचं, नळ गळला तर मेंटेनन्सला सांगायचं. कंपनी सगळं बघत होती, म्हणून आम्ही काहीच बघितलं नाही. आणि बाहेर पडलो तेव्हा वाटलं, तीन छिद्रं दिसली म्हणजे तिन्ही खरी. कोहक्यात जन्मभर राहिलेल्या माणसानं असा विश्वास ठेवला नसता. तो चपला घालतो.

कांता म्हणाली, "मी तं याच्यावर मिरच्या टाकते."

टाक, म्हटलं. पण उन्हाळ्यात पाणी ओतत जा.

२६ नोव्हेंबर

भय्याजी नाही म्हणतात. मागच्या अंगणात खड्डा? आणि त्यात मीठ? "काकू, घराच्या पायापाशी मीठ टाकून राहिले तुमी! माझी माय बी हसंल मले. लिंबाचं झाड जळून जाईल."

झाडापासून लांब खणू, नहाणीच्या सांडपाण्याच्या बाजूला. नाही. खर्च आमचा. नाही. शेवटी छाती काढून म्हणाले, "मी रोलिंग मिलचा माणूस. करंटले भेत नाही."

२७ नोव्हेंबर

हसू आवरत नाही. लिहिते.

भय्याजी खाली नहाणीत बादलीत रॉड लावून पाणी तापवत होते. मी आणि मथुराबाई दारात. मी म्हटलं, "भय्याजी, तुम्ही भीत नाही ना? मग चपला काढा." मथुराबाईंनी तोंडाला पदर लावला. बायकोसमोर माघार कशी घेणार! चपला काढल्या, ओल्या फरशीवर उभे राहिले आणि बादलीच्या कडीला बोट लावलं.

उडी अशी की टमरेल एकीकडे, टॉवेल दुसरीकडे!

मथुराबाई भिंतीला धरून हसत होत्या. "रोलिंग मिल! अवं रोलिंग मिल!"

भय्याजींनी आधी चपला घातल्या. मग टॉवेल उचलला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खणा खड्डा. पण हे कोणाले सांगू नका."

कोणाला सांगितलं नाही. फक्त इथे लिहिलं.

३० नोव्हेंबर

खड्डा झाला. खोल! ह्यांनी स्वतः कुदळ मारली. क्वार्टरमधून येताना सिगडीच्या कोळशाचं एक पोतं मी हट्टानं आणलं होतं, तेव्हा हे चिडले होते – वर सिगडी चालत नाही नं कोळसा कशाले? आज ते पोतं खाली गेलं. एक थर कोळसा, एक थर मीठ, मध्ये जस्ताचा पाइप. केवलरामनं जाड तार पाइपाला बोल्टानं आवळली आणि ती बोर्डापर्यंत नेली. वेटोळं सोडवून आमची हिरवी वायर तिला जोडली, भय्याजींचीही जोडली. काम मन लावून केलं त्यानं. मी बोल्ट हलवून पाहिला तर म्हणाला, "चाची, अब इतना भी मत हिलाओ."

२ डिसेंबर

दोन दिवस पाइपात पाणी ओतलं. आज दिवा पुन्हा काढला. एक टोक खालच्या छिद्रात, दुसरं वरच्या मोठ्या छिद्रात.

लख्ख!!

हे, भय्याजी, मथुराबाई, सगळे सॉकेटभोवती दाटीवाटीनं उभे, जणू पाळण्यातलं बाळ बघताहेत. मग मी चपला काढल्या, नहाणीत गेले, गिझर चालू, ओल्या हातानं चावी धरली. काही नाही. पाणी गरम आणि गुमान.

ताराच्या बापानं मला आजवर कशाला शाबासकी दिलेली आठवत नाही. आज म्हणाले, "जमलं तुले." दोन शब्द. बसल्या बसल्या चार वेळा आठवून झाले.

४ डिसेंबर

काम अर्धंच झालं होतं. पुस्तकात पुढचं पान वाचलं. वीज तिसऱ्या वायरीनं जमिनीत धावली की फ्यूजची तार वितळली पाहिजे, तरच धोका तुटतो. भय्याजींचा फ्यूज काढून पाहिला. त्यात सुतळीएवढी तांब्याची तार, दोन पदरी! घर जळेल, पण ती वितळणार नाही. "घडी घडी उडत होता, मंग म्या पक्का करून टाकला," भय्याजी अभिमानानं म्हणाले.

आमच्याही फ्यूजमध्ये तीच; ती काढून योग्य, बारीक तार घातली. उरलेली तार गुंडाळलेला पुठ्ठा माझ्या मसाल्याच्या डब्यात ठेवला.

५ डिसेंबर

गिझर आणि खोलीतला कॉइलचा हीटर एकदम लावले. फ्यूज गेला. आता नियम: आधी गिझर, पाणी तापलं की तो बंद, मग आंघोळ, मग हीटर. ह्यांनी नियम ऐकला आणि म्हणाले, "प्लँटमधी बी एवढी शिस्त नव्हती."

८ डिसेंबर

विहीणबाई आल्या. आल्या आल्या नहाणीतच गेल्या. चपला बाहेर. मी गिझर मुद्दाम चालू ठेवला. त्यांनी आधी एक बोट लावलं. मग दोन. मग सगळा पंजा नळावर ठेवून उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ पाणी हातावर घेतलं.

बाहेर येऊन पदराला हात पुसले. "बरं हाय. पाणी जरा कढत जास्त येते."

जाताना जिन्यात थांबल्या. "विहीणबाई, आमच्या घरी बी गिझर लावा म्हणून राहिला पोरगा. तो खड्डा कसा करतात, ते लिहून द्या."

लिहून दिलं! चित्रासकट.

१५ डिसेंबर

तारा आली. पोट केवढं! घरभर फिरली, नळ उघडला, वाफेत तोंड धरलं. "आई, हे तू केलं?" मी म्हटलं, तुझ्या पुस्तकानं केलं. ती म्हणाली, तो धडा परीक्षेला आलाच नव्हता, म्हणून मी सोडून दिला होता.

२१ डिसेंबर

खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतते. आज मथुराबाई गच्चीवरून ओरडल्या, "काकू, तुमच्या तुळशीले हळदकुंकू नाही वाहिलं?" शेजारच्या दोन बायकाही हसल्या. हसोत. कोरडा खड्डा काही कामाचा नाही.

९ जानेवारी १९८७

मुलगी! दोघी बऱ्या आहेत. नाक आमचं, कपाळ राजनांदगावचं.

२० जानेवारी

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला शेवंताबाई येतात. हात सोन्यासारखा, तोंड तिखट. आज शेकाला निखारे मागितले. निखारे नाहीत, म्हटलं. कॉइलचा हीटर लांब ठेवला, दार थोडं उघडं, समोर बाज.

"करंटचा शेक लेकराच्या अंगाले लागते का वं बाई? हाडं कच्ची राहतील."

मी म्हटलं, हात धरून पाहा. त्यांनी धरला. थोड्या वेळानं स्वतःचाच गुडघा हीटरकडे करून बसल्या.

३१ जानेवारी

उद्या बारसं. राजनांदगावची मंडळी आली, घर भरलं. नियम पार कोलमडला! कोणी इस्त्री लावतं, कोणी हीटर, गिझर तर बंदच होत नाही. फ्यूज दोनदा गेला. दोनदा मी तार बदलली.

तिसऱ्यांदा गेला तेव्हा भय्याजी जाड तार घेऊनच वर आले. "काकू, तुमचा फ्यूज लई नाजूक हाय. चार दिवस पक्का करून देतो, पाहुणे गेले की काढा." मी नाही म्हटलं. सगळ्यांसमोर हे चिडले. "अवं, पाहुणे अंधारात बसले हायेत! चार दिवसानं काय होते? सारी अक्कल तुलेच हाय का?"

जावई मान खाली घालून बसलेले. विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मला रडू आलं नाही, पण आवाज बारीक झाला. म्हटलं, इस्त्री काढा. तार मी घालते.

बारीकच घातली. हे माझ्याशी बोलत नाहीत.

१ फेब्रुवारी

सकाळी लाइट गेली. बाहेरच्या खोलीतून आवाज – गेली वाटते! पुन्हा! इस्त्री नव्हती, हीटर नव्हता. नुसता गिझर. रोज मी आंघोळीआधी तो बंद करते, आज गडबडीत चालूच राहिला होता.

तार घातली. क्षणात वितळली. गिझरचा प्लग उपटला, पुन्हा घातली. राहिली.

केवलरामनं गिझर उघडला. आतली कॉइल फुटलेली, करंट सगळा पत्र्यावर आलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "अंदर कौन था चाची?"

तारा होती. मांडीवर बाळ. हात नळाच्या चावीवर. तिला काहीच कळलं नाही. आतून एवढंच ओरडली होती – आई, पाणी गार यायला लागलं का गं?

हे दारातच उभे होते. मोरीतली बादली उचलली, भरली आणि जिना उतरून खड्ड्याकडे गेले.